झाकणाखालचं घर

प्रिय खारूताई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत, मीही आणि तुझी मखमलही. फोन हाताशी असताना ही बाई कागद का काळे करत बसली, असं तुझ्या मनात येणार, ते मला इथून दिसतंय. पण फोनवर आपलं कसं होतं ते तुलाही माहीत आहे. मी काही सांगायला तोंड उघडते, तू म्हणतेस, "थांबा, आधी फोटो पाठवा." मी फोटो पाठवते, मग आपण तिच्या गुडघ्यांवर बोलतो, पोटावरच्या ठिपक्यावर बोलतो, आणि बोलायचं ते राहूनच जातं. तुझी ड्यूटी सुरू होते, माझी दुकानात जायची वेळ होते. म्हणून म्हटलं, या वेळी लिहूनच टाकावं. पत्राला मध्येच फोटो मागता येत नाहीत.

तर पहिली बातमी, तिने कात टाकली. दुसरी बातमी, ती कोण आहे ते मला कळलं. लाल गुडघ्यांच्या जातीची नव्हेच ती. त्या प्राण्यांच्या दुकानवाल्याने झाकणावर जाड पेनाने जे नाव ठोकून दिलं होतं, ते म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण हे सगळं एका दमात सांगितलं तर तुला मजा येणार नाही, म्हणून क्रमाने सांगते. चहा घेऊन बस, आणि शेंगदाणे खात असशील तर टरफलं कागदावर टाक, खुर्चीखाली नको.

तू तो डबा घरी आणलास तेव्हा आत काही आहे हेच मला दिसेना. मातीवर एक ठिपका, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तू म्हणालीस, "आई, टॅरँटुला आहे." मला वाटलं एखाद्या रोपाचं नाव असेल, बी रुजत घातलं असशील. मग तू सांगितलंस की हा केसाळ जातीचा कोळी, मोठा झाला की तळहाताएवढा होतो, आणि तेवढ्यात तो ठिपका चालायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली. माझा मुलगा संध्याकाळी घरी आला, डब्याकडे बघून एवढंच म्हणाला, की इथे माणसांशी बोलायला कुणाला वेळ नाही आणि आता किडे पाळायचे. तोवर तुमचं दोघांचं बोलणं किल्ली कुठे ठेवलीय आणि दूध आणलं का, एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

पहिले काही दिवस मी त्या डब्यावर नॅपकिन टाकून ठेवायचे. तू दवाखान्यातून, एक्स-रे काढून काढून दमून यायचीस आणि आधी नॅपकिन उचलायचीस. "आई, ही चावायला येत नाही, ही घाबरते," असं तू मला रोज सांगायचीस. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस तू चिमट्याने तिला बारीकसा रातकिडा दिलास आणि तिने तो पुढच्या दोन्ही पायांनी असा आपल्याकडे ओढून घेतला, की मला हसू आलं. त्यानंतर मी स्टूल घेऊन तुझ्याशेजारी बसायला लागले. त्या स्टुलावर बसून मी तुझ्याशी जेवढं बोलले, तेवढं तुझ्या लग्नापासून तोवरच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नव्हते. विषय कोळी, पण त्याच्या आडून आपण माझ्या आईचा दमा, तुझ्या बहिणीचा तिरसटपणा, असं कुठे कुठे फिरून यायचो.

आणि मग तो दिवस. कोर्टाच्या कागदांवर सह्या झालेल्या होत्या. तू दोन बॅगा घेऊन दारात उभी होतीस, आणि डबा माझ्यापुढे करून म्हणालीस, "हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत. थोडे दिवस ठेवाल का हिला?" मी "ठेवीन की" म्हणाले, जसं काही तू छत्री ठेवायला देत होतीस. खरं सांगू, त्या वेळी तू मगर दिली असतीस तरी मी ठेवून घेतली असती. ठेवायला दिलेली वस्तू न्यायला माणूस कधी ना कधी येतं, निदान चौकशी तरी करतं. माझा हिशोब एवढाच होता. ही जगली तर तुझा फोन येत राहील. ही गेली तर तू कुठल्या तोंडाने मला फोन करणार आणि मी कुठल्या नात्याने तुला.

तू फोन करत राहिलीस. आधी ती खाते का, मग मी खाते का. हा क्रम मला मान्य होता. पण घरात काय होतं ते तुला मी सांगितलं नाही. मुलाची बदली झाली, तो गेला. हे घर काही मोठं नाही, पण एका माणसाला पुरून उरतं. जेवताना मी रेडिओ लावते, तो ऐकायला नव्हे, तर ताटावर हात फिरल्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. समोरची शेजारीण जिन्यात भेटली की विचारते, "सूनबाई दिसत नाहीत हल्ली," आणि मी म्हणते, "ड्यूटी फार असते हो." हे खोटंही नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर हात ठेवून फ्रेमा सरळ करायच्या, इतक्या जवळून इतके चेहरे बघायचे, आणि घरी आलं की "आज जरा गार आहे नाही" हे वाक्य बोलायला कुणी नाही. मी ते मखमलीला सांगायचे. ती ऐकून घ्यायची. कोळ्यांना कान नसतात हे तूच मला सांगितलं होतंस, पण मी ते मनावर घेतलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तू गेल्यावर ती चांगली वाढली, पण गुडघे काही लाल होईनात. तू फोनवर म्हणायचीस, "लहान आहे अजून, येईल रंग." दुकानवाल्याकडे मी स्वतः गेले. त्याच्याकडे मासे आणि लव्हबर्डच जास्त. त्याने फोटो बघितला न बघितला आणि म्हणाला, "लाल गुडघेच आहे मावशी, झाकणावर लिहिलंय ना मीच." मग तू सांगितलंस तसं मी भिंगातून फोटो काढायला लागले. चष्म्याची काच तपासायचं आमचं छोटं भिंग असतं, ते फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरायचं आणि श्वास रोखून बटण दाबायचं. उजवा गुडघा, डावा गुडघा, पुढचा, मागचा. आठ पाय म्हणजे गुडघे काय कमी नसतात. तुझ्या फोनमध्ये आत्तापर्यंत तिच्या गुडघ्यांचा दवाखाना झाला असेल.

त्यात तिचं वागणंही बिनसलं. लाल गुडघ्यांची म्हणजे जमिनीवर राहणारी, मातीत बीळ करणारी, असं आपण वाचलं होतं. म्हणून तुझा तो पसरट डबा, अर्धा मातीने भरलेला, आणि लपायला फुटक्या कपाचा तुकडा. ही बया त्या कपाकडे ढुंकून बघेना. कायम वर, झाकणाच्या कोपऱ्यात जाऊन चिकटून बसायची. वाचलं तर म्हणे, माती ओली झाली की कोळी वर चढतात. मी माती कोरडी केली. ती आणखी वर. बाहेर पडायला बघतेय, असं मला वाटायला लागलं. हिलाही इथे राहायचं नाही, असं मी एकदा तिला तोंडावर बोललेही. त्याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

आणि इथे माझा धंदा आडवा आला. चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेल्या बाईला मळकी काच बघवत नाही. कुणाच्याही घरी गेले तरी माझा हात आरशाकडे जातो. मखमल त्या वरच्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र जाळं विणायची, आणि शिवाय डब्याच्या भिंतींवर पांढरे शिंतोडे उडवायची, थेट पिचकारी मारल्यासारखे. हॉस्टेलवरून तू विचारायचीस ती स्वच्छ राहते का, आणि मला वाटायचं, तुझी वस्तू आहे, लख्खच असली पाहिजे. म्हणून रोज सकाळी दुकानात जायच्या आधी मी झाकण उघडायचे, काच पुसायच्या मऊ फडक्याने ते जाळं गोळा करायचे, शिंतोडे पुसायचे, आणि झाकण परत लावायचे. जाळं दिसलं की काढायचं, यात विचार तो काय करायचा. आयुष्यभर जळमटं काढली. कोळ्याच्या घरातली जळमटं काढू नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. ती संध्याकाळपर्यंत परत विणायची. मी सकाळी परत पुसायचे. दोघी आपापलं काम मन लावून करत होतो.

मग तिने खाणं सोडलं. रातकिडा समोर सोडला की पाय आखडून घ्यायची. विणणंही थांबलं. पोट काळवंडलं, हालचाल कमी झाली. तुला फोनवर मी "ठीक आहे" सांगत राहिले, कारण ड्यूटीच्या मध्ये तुला कसली काळजी लावायची. प्राण्यांच्या डॉक्टरकडे डबा घेऊन गेले. माझ्या एका बाजूला ताप आलेला कुत्रा, दुसऱ्या बाजूला रुसलेलं मांजर, आणि माझ्या मांडीवर ही. डॉक्टर डब्यात डोकावले, खुर्ची थोडी मागे घेतली आणि म्हणाले, "बाई, मला हिची नाडीसुद्धा कुठे असते ते माहीत नाही." निदान खरं बोलले. ती प्रजाती कोणती ते आधी नक्की करा, म्हणाले, म्हणजे तिला काय हवं ते तरी कळेल. मी डबा घेऊन चालत घरी आले. वाटेत फार रडू आलं, आणि ते फक्त कोळ्यासाठी होतं असं मी तुला सांगणार नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बघते तर डब्यात दोन कोळी. एक वर झाकणाला, एक खाली मातीवर उताणा, पाय आखडलेला. मग कळलं, खालचा म्हणजे नुसतं साल आहे. तिने कात टाकली होती. खाणं सोडलं होतं ते त्याचसाठी, आजारी नव्हतीच ती. कुणी तरी मला आधी सांगायला हवं होतं, पण सांगणार कोण, मी तर तुला ठीक आहे म्हणत बसले होते.

ती कात मी चिमट्याने उचलली. साबणाच्या पाण्यात भिजवली की ती मऊ होते आणि पाय उलगडता येतात, हे तू कधी तरी बोलता बोलता म्हणाली होतीस. बशीत ती पसरली, खिडकीपाशी बसले आणि डोळ्याला भिंग लावलं. आणि सवयीने आधी गुडघेच बघितले. नंतर वाटलं, आपण हिचे गुडघेच का बघतोय इतके दिवस. कारण झाकणावर गुडघे लिहिलंय. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की मी तिला पहिली गोष्ट सांगते, की नंबर मनात धरून डोळे तपासायचे नसतात. आणि मी स्वतः काय करत होते. तू हाडं बघणारी, मी डोळे बघणारी, आणि दोघींना समोरचा कोळी दिसला नाही. मग मी भिंग गुडघ्यांवरून खाली सरकवलं, पार पावलापर्यंत. पावलं चांगली रुंद, गादीसारखी, केसांनी भरलेली. मातीत बीळ खणणाऱ्याला असली पावलं काय करायची. ही चढणाऱ्याची पावलं. आणि वर झाकणाला बसलेल्या खऱ्या मखमलीकडे बघितलं, तर तिची पावलांची टोकं, जी इतके दिवस काळी होती, ती गुलाबी झालेली. आणि अंग, जे फिकट गुलाबीसर होतं, ते काळं पडायला लागलेलं.

फोनवर शोधायला मग वेळ लागला नाही. इतके दिवस मी लाल गुडघे शोधत होते, त्या दिवशी गुलाबी पावलं शोधली. ती झाडावर राहणारी जात आहे, खारूताई. पिल्लू असताना अंग गुलाबीसर आणि पावलांची टोकं काळी, मोठी व्हायला लागली की नेमकं उलट. उंचावर जाळ्याची नळी विणून तिच्यात राहते. तिला दमट हवा लागते, मी तिला कोरडी केली. आणि भिंतीवर पिचकारी मारायची खोड तिच्या खानदानाचीच आहे, त्यात तिचा काही दोष नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसत होते की, मीच वर बघत बसले होते. नर की मादी ते मात्र एवढ्या लहान कातीवरून माझ्या भिंगाला कळलं नाही, पण मादीच असणार असं मी ठरवून टाकलंय. नर थोडी वर्षं जगतात, माद्या पुष्कळ.

मग मला तो कोपरा कळला. ती पळून जात नव्हती. ती घर बांधत होती, आणि तिचं घर नेमकं झाकणाला टेकून असायचं, आणि मी रोज सकाळी प्रेमाने झाकण उघडून ते फाडत होते. तिची सोय बघायला जायचे आणि तिचं घर मोडून यायचे. एवढी वर्षं संसार केला, पण इतकी खजील मी क्वचितच झाले असेन.

दुसऱ्याच दिवशी मी तिला घर बदलून दिलं. कडधान्याची मोठी प्लॅस्टिकची बरणी होती ना, ती रिकामी केली. दुकानात बिनफ्रेमच्या चष्म्यांना भोकं पाडायचं बारीक यंत्र आहे, त्याने तिला हवेसाठी भोकं पाडली. मालक बघत होते, म्हणाले, "हा कुठल्या गिऱ्हाइकाचा चष्मा?" बरणी उलटी ठेवलीय, म्हणजे झाकण खाली, माती झाकणात, आणि वरचं छत कधीच उघडत नाही. आत झाडाच्या सालीचा उभा तुकडा. पाणी आणि खाणं बाजूच्या एका मोठ्या भोकातून, त्याला कापसाचा बोळा. पहिले काही दिवस ती बुजून बसली. मग वर चढली आणि विणायला लागली. आता छताशी चांगली जाड नळी झालीय, आणि ती खाते. परवा तर रातकिडा भोकातून आत पडायच्या आधीच झडप घातली. बरणी सगळी शिंतोड्यांनी आणि जाळ्याने भरलीय, आतलं धड दिसत नाही. मी पुसत नाही. हात शिवशिवतो, पण नाही पुसत.

हे सगळं कळल्यावर तुला लगेच फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. आणि मग वाटलं, झालं, आता कोडं सुटलं. आता गुडघ्यांचे फोटो नकोत, आता कात कधी टाकणार याची वाट नको. ती ठणठणीत आहे, तिचं नाव कळलं, तिचं खाणं-पिणं कळलं. उद्या तू म्हणशील, बरं झालं, आता मी तिला घेऊन जाते, कारण मध्ये तू म्हणालीच होतीस की मैत्रिणीबरोबर भाड्याने घर बघतेयस. आणि मग या घरातून तुला फोन करायला मला निमित्त काय राहणार. म्हणून मी फोन खाली ठेवला. ही पहिली गोष्ट जी फोनवर सांगता आली नाही.

दुसरी गोष्ट जड आहे, पण ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी, जिन्यातल्या कुणाकडून नको. घराला रंग लावून झालाय. माळा रिकामा केला. माझा मुलगा पुढच्या महिन्यात बदली होऊन परत येतोय, आणि तो लग्न करतोय. मुलगी बँकेत आहे. एकदा चहाला आली होती, खुर्चीच्या कडेवर बसली होती, आणि खिडकी उघडायला सुद्धा तिने मला विचारलं. चांगली आहे. बरणीकडे तिचं लक्ष गेलं तेव्हा तिने पाय थोडे आत घेतले. मुलगा मात्र नंतर फोनवर बोलला. म्हणाला, "आई, ती यायच्या आत त्या कोळ्याचं काहीतरी बघ. ज्याचं त्याला देऊन टाक." मग तुझ्याबद्दल म्हणाला, "आणि तिच्याशीही सारखं फोनवर बोलणं आता बरं दिसत नाही. हिला काय वाटेल." मी त्याच्यावर चिडले नाही. त्याचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. नव्या मुलीने दुसऱ्या कुणाच्या खुणांमध्ये का राहावं. ती माझी सून होईल, मी तिला जीव लावेन, चहा बरा झाला नाही तरी चांगला झालाय म्हणेन. पण एक आली म्हणून दुसरीला पुसून टाकायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. मी बरेच दिवस विचार केला. या घरात जुन्या सुनेच्या मागे दोनच वस्तू राहिल्या होत्या, ती बरणी आणि मी.

म्हणून मी मालकांना विचारलं. दुकानाच्या वरची खोली, जिथे जुन्या फ्रेमांची खोकी पडलेली असायची, ती त्यांनी मला राहायला दिलीय. मालक म्हणाले, "या वयात एकट्या राहणार?" मी म्हटलं, "इतके दिवस काय करत होते मग." खोली लहान आहे. एक खिडकी, एक ओटा, पलंग मावेल आणि त्याच्याशेजारी दोन खुर्च्या. भिंतीला फ्रेमा टांगायचे खिळे आहेत, ते मी काढणार नाही, कपडे अडकवायला बरे. मुलाला सांगितलं तेव्हा तो दुखावला. म्हणाला, लोक म्हणतील, बायको आणली आणि आईला बाहेर काढलं. मी म्हटलं, लोकांना सांग आई हट्टी आहे, ते खरंच आहे. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाणार आहे. त्याला तोडायचं नाहीय मला. फक्त एक जागा हवी होती जिथला दरवाजा उघडताना मी कुणाची आई आणि कुणाची सासू, हे आधी ठरवावं लागणार नाही.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सामान हलवतेय. पलंग, कपाट, भांडी टेम्पोतून जातील. बरणी टेम्पोत घालता येणार नाही, आडवी झाली की तिची नळी फाटेल. ती मांडीवर घेऊनच न्यावी लागेल, आणि दुकानाचा जिना असा उभा आहे की मला एका हाताने कठडा धरावाच लागतो. तर बरणी धरायला तू येशील का, हे विचारायचं होतं. मखमल तुझी आहे, तुझ्या नव्या घरी न्यायची असेल तर त्याच दिवशी खुशाल ने, मी आडवं येणार नाही, हवं तर दमट हवेचं सगळं नीट समजावून देईन. आणि ठेवून गेलीस तरी मी सांभाळीन. पण खरं लिहायचं तर बरणी धरायला मालकांनाही सांगता आलं असतं, त्यांनी ती नीट नेली असती. बरणीचं निमित्त नसतं तरी मला तुला बोलवायचं होतं. मला तुझी फार आठवण येते. माझा मुलगा तुझा कुणी राहिला नाही, तो कोर्टाचा निकाल मी मानते. मी तुझी कुणी राहिले नाही, असं मला कुणीही कागदावर दिलेलं नाही, आणि दिलं तरी मी सही करणार नाही. खाली सही काय करावी याचा बराच विचार केला, पुढचा शब्द काही सुचेना, म्हणून तो तुझ्यावर सोडते.

तुझीच